एका पुस्तकाचे टपाल

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत येतो आणि त्याच्या पाठोपाठ त्यावरचे आक्षेप येतात. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या पुस्तकात ते मोजक्या वाक्यांत दिलेले आहेत. विद्यार्थी ती वाक्ये पाठ करतात आणि परीक्षेत उतरवून काढतात. आक्षेप कोणी घेतले, केव्हा घेतले, त्यांवर खुद्द डार्विनचे काय म्हणणे होते, याचा पत्ता लागत नाही. मग वर्गातला एखादा चौकस मुलगा विचारतोच की, सर, एवढे आक्षेप आहेत तर सिद्धांत शिकायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर डार्विनच्या पत्रव्यवहाराकडे जावे, विशेषतः १८५९च्या नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षभरातल्या पत्रांकडे, असे आम्ही शिक्षकांना सुचवू.

या पत्रांचा पहिला मोठा संग्रह डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८८७ मध्ये काढला. त्यात प्रामुख्याने डार्विनने लिहिलेली पत्रे आहेत. समोरच्याची बाजू बरेचदा अंदाजाने समजून घ्यावी लागते. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाजवळ बसून एकाच बाजूचे संभाषण ऐकावे तसा हा प्रकार होतो. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९८५ मध्ये सुरू केलेली आणि २०२३ मध्ये तिसाव्या खंडाने पूर्ण झालेली मालिका ही उणीव दूर करते. येणारी आणि जाणारी दोन्ही पत्रे तीत तारखेनुसार लावलेली आहेत, आणि इंटरनेटवर ती कोणालाही फुकट वाचता येतात. सातवा खंड १८५८-५९चा, आठवा १८६०चा. आमचे लिहिणे मुख्यतः या दोन खंडांविषयी आहे.

‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने प्रसिद्ध केले. प्रती १२५० छापल्या होत्या. पुस्तकविक्रेत्यांची मागणी पाहून लगेच दुसरी, ३००० प्रतींची आवृत्ती काढावी लागली. ती जानेवारी १८६० मध्ये बाहेर पडली. लेखक त्या वेळी लंडनमध्ये नव्हता. यॉर्कशरमधील इल्कली या गावी तो प्रकृतीसाठी जलोपचार घेत होता, आणि तेथूनच ११ नोव्हेंबरला त्याने भेटप्रतींसोबतची पत्रे एका बैठकीत लिहावीत तशी लिहून काढली. आगासीला तो कळवतो की, आपल्याला डिवचण्यासाठी हे पुस्तक पाठवलेले नाही. हेन्स्लो हा त्याचा केंब्रिजमधला गुरू. त्याला लिहिताना आपल्या शिष्याचे हे काम आपल्याला पसंत पडणार नाही अशी धास्ती आहे. शिवालिकच्या टेकड्यांतील जीवाश्मांवर काम केलेल्या फाल्कनरला मात्र तो थट्टेने लिहितो की, पुस्तक वाचून मला जिवंत सुळावर चढवावे असे तुम्हाला वाटेल. पुस्तक एकच आणि दिवसही एकच, पण प्रत्येकाला सूर वेगळा. ही नम्रता खरी मानावी की डावपेच? आमच्या मते दोन्ही. ज्यांच्याकडून विरोध होणार हे त्याला ठाऊक होते, त्यांच्याकडे विरोधाची वाट त्याने स्वतःच मोकळी करून ठेवली.

आता आक्षेपांकडे येऊ. पुस्तक लिहायला घेतले तेव्हाच डार्विनने मनाशी तीन परीक्षक नेमले होते : लायेल, हूकर आणि हक्सली. तिघांचा कौल मिळाला की बाकीच्यांची पर्वा करायची नाही, असे त्याने ठरवले होते, आणि हे त्याने हक्सलीला २५ नोव्हेंबरच्या पत्रात सांगूनही टाकले. निमित्त होते हक्सलीच्या दोनच दिवस आधीच्या पत्राचे. ते पत्र उत्साहाने ओसंडणारे आहे. विरोधकांशी झुंजायला आपण चोच आणि नख्या परजून बसलो आहोत, असे हक्सली कळवतो. पण त्याच पत्रात दोन आक्षेपही आहेत. निसर्ग कधीच उडी मारत नाही, हे तत्त्व इतक्या बिनशर्तपणे स्वीकारून तुम्ही विनाकारण एक ओझे डोक्यावर घेतले आहे, हा पहिला. भोवतालच्या परिस्थितीला तुम्ही एवढे कमी महत्त्व देता, तर मग मुळात फरक पडतातच कशामुळे, हा दुसरा.

दुसऱ्या आक्षेपाला डार्विनचे उत्तर पाहण्यासारखे आहे. त्याने बचाव केलाच नाही. नेमके मला छळणारे ठिकाण तुम्ही हेरलेत, असे म्हणून एखादा विशिष्ट फरक कशामुळे उपजतो याचे आपल्याला कोडे आहे, हे तो चक्क चडफडत कबूल करतो. पाठ्यपुस्तकात जो ‘आक्षेप’ म्हणून छापला जातो, तो अशा रीतीने पुस्तक दुकानात येण्याच्या आदल्या दिवशी मित्राने लिहून पाठवला होता आणि लेखकाने मान्यही केला होता. त्याचे उत्तर आनुवंशिकतेत होते. मेंडेलचा निबंध छापून यायला अजून सात वर्षे होती, आणि त्याचे महत्त्व जगाला कळायला चाळीस.

याच आठवड्यात सेज्विकचे पत्र आले. हा केंब्रिजचा भूविज्ञानाचा प्राध्यापक. १८३१च्या उन्हाळ्यात याच्याबरोबर वेल्समध्ये हिंडून डार्विन खडक वाचायला शिकला होता. पुस्तक वाचून आनंदापेक्षा क्लेशच जास्त झाले, काही भाग वाचताना तर हसून बरगड्या दुखल्या, असे सेज्विकने लिहिले. तुम्ही विगमनाचा खरा मार्ग सोडलात आणि निसर्गाचा नीतीशी असलेला धागा तोडू पाहता, हा त्याचा मुख्य आरोप. डार्विनचे २६ नोव्हेंबरचे उत्तर सौम्य आहे. आपल्याला दुखवल्याचे वाईट वाटते. पण इतक्या नाना प्रकारच्या वस्तुस्थितींचा उलगडा खोट्या सिद्धांताने होईल असे मला वाटत नाही. आणि मी चुकत असेन तर एवढे अभ्यासक आहेत की लवकरच माझा निकाल लागेल. नीतीच्या धाग्याबद्दल मात्र वाद घालायला तो थांबत नाही.

हक्सलीचे पत्र आणि सेज्विकचे पत्र वर्गात शेजारी ठेवून वाचावे. एक मित्राचे, दुसरे दुखावलेल्या गुरूचे. पण त्यांतला महत्त्वाचा फरक मैत्रीचा नाही. हक्सलीच्या आक्षेपानंतर काही तरी करून पाहता येते, मोजता येते, शोधता येते. सेज्विकच्या नीतीविषयक आक्षेपानंतर करण्यासारखे काही उरत नाही. सिद्धांत बरोबर निघाला तरी तो तसाच राहतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे सांगितलेले नाही, सबब डार्विन शाळांतून काढावा, असे म्हटले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यावर एकत्रित निवेदन काढले. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. २०२३ची छापील पुस्तके त्याविना निघाली. मंत्र्यांचा आक्षेप कोणत्या पत्राच्या जातीचा, हे दहावीचा विद्यार्थी स्वतः ठरवू शकेल. त्याच्यापुढे दोन्ही पत्रे ठेवली गेली पाहिजेत, एवढेच.

विरोधक म्हणजे मूर्ख, असा एक समज आपल्याच लोकप्रिय विज्ञानलेखनाने पसरवला आहे. ऑक्सफर्डच्या ३० जून १८६०च्या सभेची गोष्ट प्रत्येक भाषणात येते : बिशप विल्बरफोर्सने खवचट प्रश्न विचारला, हक्सलीने त्याला गारद केले. डार्विन तेथे हजर नव्हता. त्याला हकीकत कळली ती मुख्यतः हूकरच्या २ जुलैच्या पत्रातून, आणि त्या पत्रात हक्सलीचा आवाज सभेपर्यंत नीट पोचलाच नाही, बिशपला लोळवले ते हूकरनेच! साक्षीदार स्वतः लढवय्या असला की असे होते. इतिहास शिकवणाऱ्यांना हे पत्र उपयोगी पडेल. पण आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. त्याच महिन्यात विल्बरफोर्सचे परीक्षण ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये निघाले, आणि डार्विनने हूकरला कळवले की ते विलक्षण हुशारीने लिहिले आहे, माझ्या पुस्तकातले सगळे कच्चे तर्क आणि सगळ्या अडचणी यांनी बरोबर वेचून काढल्या आहेत.

डार्विनला देव्हाऱ्यात बसवण्याचा मात्र आमचा हेतू नाही. ही पत्रे एका मोहिमेचीही कागदपत्रे आहेत. कोण आपल्या बाजूला आला, कोण डळमळतो आहे, भूवैज्ञानिक किती, वनस्पतिशास्त्रज्ञ किती, याची मोजदाद त्यांत सतत चालते. धर्मोपदेशक किंग्जलीचे अनुकूल पत्र हाती येताच त्यातला मजकूर दुसऱ्या आवृत्तीत घालायला त्याने परवानगी मागितली. अमेरिकेत असा ग्रेने लिहिलेले लेख पुस्तिकारूपाने काढताना त्याने खर्चाचा वाटा उचलला. ग्रेला फरकांमागे ईश्वरी योजना दिसत होती, जी डार्विनला मान्य नव्हती, तरीही. ओवेनचे निनावी परीक्षण एप्रिल १८६० मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’त आले तेव्हा तो चांगलाच घायाळ झाला, आणि ओवेनबद्दलची त्याची पुढची वाक्ये काही उदार म्हणता येत नाहीत. त्याच महिन्यात पॅट्रिक मॅथ्यू या स्कॉटिश बागायतदाराने ‘गार्डनर्स क्रॉनिकल’मध्ये लिहिले की, ही कल्पना मी १८३१ मध्येच जहाजांच्या लाकडावरील पुस्तकात मांडली आहे. डार्विनने पुस्तक मागवून वाचले आणि दोन आठवड्यांच्या आत त्याच नियतकालिकात मॅथ्यूचा अग्रहक्क मान्य केला. येथे तो सरळ वागला. पण पूर्वसूरींची आठवण पहिल्याच आवृत्तीत असायला हवी होती, ही टीका रास्तच राहते.

आणि या टपालात कोण नाही? आपण नाही. डार्विनची पत्रे आपल्या मुलखापर्यंत पोचली ती थोडी पुढे, भावनांच्या आविष्कारावरील पुस्तकासाठी त्याने जगभर प्रश्नावली पाठवली तेव्हा. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) असलेल्या अर्स्किन या सनदी अधिकाऱ्याने येथील लोकांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवले. पण युरोपियनांसमोर लोक भावना लपवत असल्याने खात्रीचा निष्कर्ष निघेना. डार्विनने १८७२च्या पुस्तकात हे अपयश त्याच्या कारणासकट छापले. तलासरीच्या आश्रमशाळेत तपासणीला साहेब आल्यावर गप्प होणारी वारली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निरीक्षण समजावून सांगायला नको. गप्प बसणारा माणूस आक्षेपही घेत नाही.

हक्सलीने मात्र शेवटपर्यंत आक्षेप सोडला नाही, आणि तो आणखी एक होता. ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’मधील एप्रिल १८६०च्या परीक्षणात आणि नंतरच्या व्याख्यानांत तो बजावत राहिला : निवड करून माणसाने कबुतरांचे कितीही वाण घडवले, तरी ते एकमेकांत खुशाल वीण देतात. एका मूळ जातीपासून परस्परांत वांझ ठरणारे दोन गट निवडीने काढून दाखवा, तोवर पुरावा अपुरा आहे. १८६२-६३च्या पत्रांत यावरून दोघांची चांगली जुंपलेली दिसते.

डार्विनचे एक उत्तर मूळ पुस्तकातच होते, आणि ते डहाणूच्या वाचकांना पुस्तकाबाहेरही सापडेल. डहाणू-घोलवड-बोर्डीच्या वाड्यांमध्ये चिकूचे कलम रायणच्या खुंटावर बांधतात. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, रायण आपल्याकडची. मध्ये दोन महासागर, तरी जोड बसते. दोन्ही झाडे एकाच प्रजातीतली आहेत. आंब्याच्या खुंटावर चिकू बांधायला कोणी जात नाही. आता, कलम लागावे किंवा लागू नये यासाठी निसर्गाने मुद्दाम काही सोय केली आहे, असे कोणी म्हणेल का? लाकडाची घडण, रस चढण्याचा काळ, वाढीचा वेग यांतल्या फरकांचा तो आपोआप होणारा परिणाम आहे. नात्याशी त्याचा संबंध आहे, पण पक्का नाही : डार्विनच्या उदाहरणात नासपतीचे कलम वेगळ्या प्रजातीतल्या बिहीवर सहज लागते, तर त्या काळी नासपतीच्याच प्रजातीत धरल्या जाणाऱ्या सफरचंदावर तितके सहज लागत नाही. दोन जातींच्या संकरातला वांझपणाही असाच, असे त्याचे म्हणणे. जाती अलग ठेवण्यासाठी बांधलेली ती भिंत नव्हे. शरीरांतल्या इतर फरकांबरोबर ती अडचण मागून येते.

युक्तिवाद सुंदर आहे, पण हक्सलीने मागितला होता तो प्रयोग. डार्विनने प्रिम्युला या फुलझाडावर फुलांचे परागण हाताने करून दाखवले की, एकाच जातीत दोन प्रकारची फुले असतात आणि सारख्या प्रकारच्या फुलांत परागण केले तर बी कमी धरते. म्हणजे वीण कमी होणे हे निराळ्या जातीचेच लक्षण नव्हे. हक्सलीचे यानेही समाधान झाले नाही, आणि आमच्या मते त्याचे बरोबर होते.

डार्विन १८८२ मध्ये गेला, हक्सली १८९५ मध्ये. १९००च्या सुमारास, हूकरने ज्या क्यू येथील बागेचा कारभार पाहिला होता त्याच बागेत, हिमालयातली एक आणि अरबस्तानातली एक अशा दोन प्रिम्युलांचा आपोआप संकर झाला. रोप वांझ होते. मुळे फोडून ते वाढवत राहिले. १९०५ मध्ये त्यांतल्या एकाला बी धरले. पुढे पेशी तपासल्या तेव्हा कळले की त्यातली गुणसूत्रे १८ची ३६ झाली होती. या रोपांची आपसांत वीण होई, मूळ दोन्ही जातींशी मात्र ती नीट जुळेना. हक्सलीने मागितलेली गोष्ट बागेतल्या एका कुंडीत घडली होती; मात्र निवडीने हळूहळू नव्हे, तर एका उडीत.