ओठांची भाषा आणि ध्वनिपट्टी : प्रसाद प्रयोगशाळेच्या इतिहासाच्या निमित्ताने

चित्रपटाच्या प्रयोगशाळांचा इतिहास म्हणजे यंत्रे, इमारती आणि सन ह्यांची जंत्री, अशी एक समजूत रूढ आहे. मद्रासच्या प्रसाद प्रयोगशाळेचीही जंत्री देता येते : १९५६ साली एल. व्ही. प्रसाद ह्यांनी निर्मितिसंस्था काढली, पुढे स्टुडिओ उभारला, आणि १९७६ साली फिल्म धुण्याची व प्रिंट काढण्याची प्रयोगशाळा सुरू झाली. ही माहिती उपयुक्त खरी; परंतु भाषेच्या अभ्यासकाला तिच्यातून फारसे हाती लागत नाही. अशा संस्थेत रसायनांच्या बरोबरीने भाषेवरही प्रक्रिया होत असते. तिचा विचार व्हावयास हवा.

त्या प्रक्रियेचे मूळ एका साध्या तांत्रिक गोष्टीत आहे. चित्राची निगेटिव्ह आणि ध्वनीची निगेटिव्ह ह्या दोन वेगळ्या वस्तू असतात. प्रिंट काढताना त्या एकाच पट्टीवर आणल्या जातात. तेथेही ध्वनी आपल्या चित्राच्या शेजारी नसतो, सुमारे वीस चौकटी पुढे असतो, कारण प्रक्षेपकात चित्र दाखविण्याची आणि ध्वनी वाचण्याची जागा एक नाही. बोलणारा चेहरा व त्याचे बोलणे अशी अलग झाली की एका चित्राला दुसऱ्या भाषेची ध्वनिपट्टी जोडणे शक्य होते. संगीत आणि इतर आवाज संवादांपासून निराळे राखलेले असले म्हणजे काम आणखी सोपे. डबिंगचा सारा व्यवसाय ह्या विभक्ततेवर उभा आहे.

प्रसाद ह्यांचे स्वतःचे चरित्र ह्या दृष्टीने मोठे बोधक आहे. १९३१ च्या ‘कालिदास’ ह्या बोलपटात त्यांनी काम केले. त्यात नायिका तमिळ बोलत असे, नायक तेलुगू, आणि प्रसाद हिंदी! भाषांची ही खिचडी त्या काळी प्रेक्षकांनी चालवून घेतली. पुढे १९५५ साली त्यांनी एकच कथा तेलुगूत ‘मिस्सम्मा’ आणि तमिळमध्ये ‘मिस्सियम्मा’ अशी दोनदा चित्रित केली. सावित्री दोन्हींत होती. नायक मात्र तेलुगूत एन. टी. रामाराव, तर तमिळमध्ये जेमिनी गणेशन. आमच्या ‘प्रभात’ची रीत हीच होती. १९४१ च्या ‘शेजारी’त केशवराव दाते पाटील झाले, आणि ‘पडोसी’त त्या जागी ठाकूर आला, तो मजहर खान ह्यांच्या रूपाने. भाषा बदलली म्हणजे माणूसही बदलतो, त्याचे गाव आणि त्याचा दर्जाही बदलतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते. डबिंगने हा खर्च वाचविला. काय गमावले, ह्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

डबिंगची परीक्षा सामान्यतः ओठांवरून होते. पडद्यावरचे ओठ मिटले असतील, तर तेथे प, ब, म ह्यांपैकी एखादा वर्ण यावा, ही अपेक्षा. तमिळ ‘वेण्डाम्’ हा शब्द ओठ मिटून संपतो. त्याचा अर्थ नेमका देणारा आपला ‘नको’ ओठ उघडे ठेवून संपतो. संवादलेखक येथे अडतो आणि ओठांसाठी अर्थ वाकवितो. माझ्या मते हा सौदा बहुधा तोट्याचा असतो. प्रेक्षकाचे कान क्षणभराची विसंगती विसरतात. वाकडे वाक्य विसरत नाहीत.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. तेलुगूत ‘मनम्’ म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण, आणि ‘मेमु’ म्हणजे त्याला वगळून आम्ही. तमिळमध्येही असाच भेद आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद जिवंत आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो बुजून जातो. तेव्हा दक्षिणेकडील चित्रपटाचे मराठी डबिंग हिंदी संहितेवरून करणे म्हणजे जे दोन्ही टोकांना आहे ते मध्येच सांडून देणे होय. प्रियकर ‘आपण जाऊ’ म्हणतो की ‘आम्ही जाऊ’, ह्यावर कथानक फिरू शकते. मराठी संहिता मूळ भाषेवरूनच झाली पाहिजे, ह्याविषयी तडजोड नसावी.

डबिंगची मर्यादा प्रसाद ह्यांच्याच एका निर्मितीवरून दिसते. के. बालचंदर ह्यांचा १९७८ चा ‘मरो चरित्र’ हा तमिळ तरुण आणि तेलुगू तरुणी ह्यांच्या प्रेमाचा तेलुगू चित्रपट. मद्रासेत तो डबिंगवाचूनच दीर्घकाळ चालला. भाषाभेद हाच विषय असल्यावर सर्वांच्या तोंडी एकच भाषा घालणे म्हणजे कथाच पुसणे! हिंदीत आणताना प्रसाद ह्यांनी तो नव्याने चित्रित करविला : १९८१ चा ‘एक दूजे के लिए’. त्यातील गाण्यांसाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम् ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या हिंदीला दाक्षिणात्य वळण होते. तमिळ नायकाच्या तोंडी ते दोष न ठरता अर्थ ठरले. डबिंगच्या खोलीत असे वळण एरवी घासून काढले जाते.

२०१० नंतरच्या काही वर्षांत चित्रपटगृहांतून फिल्मची प्रिंट जवळजवळ नाहीशी झाली, आणि प्रसाद संस्थेचे काम जुन्या फिल्मांचे अंकीय जतन व पुनःस्थापन ह्याकडे वळले. ह्या कामात चित्राचे ओरखडे पुसण्याकडे सर्वांचे लक्ष असते. त्या चित्रांबरोबर निरनिराळ्या भाषांच्या ध्वनिपट्ट्या आणि डबिंगच्या हस्तलिखित संहिताही जतन झाल्या पाहिजेत. चार दशकांत मराठी, तमिळ, तेलुगू संवादलेखकांनी कोणत्या वाक्यासाठी कोणते वाक्य पत्करले, ह्याचा पुरावा त्या कागदांखेरीज अन्यत्र मिळावयाचा नाही.