लिन नॉटेज यांच्या ‘रुइन्ड’ नाटकातील कोल्टान, स्त्रीदेह आणि व्यवहार

अमेरिकन नाटककार लिन नॉटेज यांचे ‘रुइन्ड’ हे नाटक २००८ साली शिकागोच्या गुडमन थिएटरमध्ये प्रथम रंगभूमीवर आले आणि २००९ साली त्यास नाट्यलेखनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. काँगोच्या पूर्व भागातील युद्धात स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचे नाटक, अशी त्याची ओळख करून दिली जाते. तिला जोडून बहुधा आणखी एक वाक्य येते : हे अत्याचार मोबाइलमध्ये लागणाऱ्या खनिजासाठी झाले. पहिली ओळख अपुरी असली तरी खरी आहे. दुसरे वाक्य मात्र संहितेशी ताडून पाहिले पाहिजे, कारण खनिज आणि हिंसा यांचा जो संबंध नाटकात दिसतो तो या वाक्यात मावत नाही. प्रस्तुत लेखात त्या संबंधाचाच विचार केला आहे.

नाटक घडते ते इतुरीच्या पर्जन्यवनातील एका लहानशा खाणगावात, मामा नादी या स्त्रीच्या दारूच्या गुत्त्यात. (मराठी वाचक येथे क्षणभर अडखळेल, पण हा ‘मामा’ आईच्या नात्याचा आहे, आणि तोही आदरार्थी.) गुत्त्यामागच्या खोल्यांत देहविक्रय चालतो. ख्रिश्चन हा फिरता विक्रेता तेथे सलीमा आणि आपली भाची सोफी यांना घेऊन येतो. सैनिकांनी सोफीच्या देहात संगीन खुपसून तिला कायमची जायबंदी केले आहे. मामा तिला घेण्यास आधी नकार देते, घासाघीस होते, मग सोफी गाते, हिशेब ठेवते, म्हणून राहते. या गुत्त्यात खाणकामगार येतात, सरकारी सेनेचा कमांडर ओसेम्बेंगा येतो, बंडखोरांचा पुढारी जेरोम किसेम्बे येतो, आणि हरारी हा हिऱ्यांचा लेबनीज व्यापारीही येतो. एकमेकांच्या जिवावर उठलेली ही माणसे एकाच गल्ल्यावर पैसे मोजतात. आत येताना बंदुकीतील गोळ्या काढून ठेवाव्यात, एवढीच मामाची अट.

कोल्टान म्हणजे कोलंबाइट आणि टँटलाइट यांचे काळसर धातुक. त्यातून मिळणारा टँटलम हा धातू अगदी लहान आकारात विद्युतभार साठविणाऱ्या कपॅसिटरसाठी वापरतात. मोबाइल, संगणक आणि खेळाची यंत्रे हातात मावू लागली, त्याच्या कारणांपैकी हे एक. २००० साली टँटलमचा भाव एकाएकी अनेक पटींनी चढला आणि पुढच्याच वर्षी कोसळला. काँगोतील साधनसंपत्तीच्या लुटीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २००१ साली जो अहवाल दिला, त्यात कोल्टानचा उल्लेख ठळक होता. हे सारे अर्थकारण नाटकात एका छोट्या प्रसंगातून येते. एक गिऱ्हाईक पैशांऐवजी धातुकाचा खडा पुढे करतो. सहा महिन्यांपूर्वी जी नुसती काळी माती होती तिच्यासाठी सगळे एकमेकांच्या अंगावर का चढत आहेत, याचे मामाला नवल वाटते. हा मोबाइलचा काळ आहे, असे हरारी तिला सांगतो. विषय तेथेच संपतो. या मातीचे पुढे नेमके काय होते हे मामाला कळत नाही, आणि ते कळून घेण्याची तिला गरजही नाही. खड्याचे किती मिळतील, हा तिचा प्रश्न आहे. प्रबोधनपर नाटकाने या ठिकाणी एखादे लांबलचक भाषण घातले असते. नॉटेज तसे करीत नाहीत, आणि येथेच त्यांचे नाटककार म्हणून भान दिसते.

नाटकाचे शीर्षकही याच गल्ल्यावरचे आहे. ‘रुइन्ड’ला मराठीत काय म्हणावे? ‘उद्ध्वस्त’ हा शब्द घराला, गावाला लागतो. त्यात शोक आहे, पण व्यवहार नाही. ‘बाटलेली’ म्हटले तर सैनिकाचा अपराध स्त्रीच्या माथी येतो. आपल्या समाजाने हा शब्द फार सहजपणे वापरला आहे, हे विसरता येत नाही. त्यातल्या त्यात ‘नासलेली’ हा शब्द जवळचा वाटतो. दूध नासते, माल नासतो, आणि नासलेला माल कोणी विकत घेत नाही. मामा सोफीला याच अर्थाने नाकारते. तिच्या तोंडी हा शब्द तुच्छतेचा नसून दुकानदाराचा आहे. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या सलीमाला मात्र ती लगेच ठेवून घेते, कारण त्या देहाला अजून भाव आहे. देह आणि धातुक या दोहोंना एकच तराजू लागतो, ही गोष्ट नाटक कोठेही उच्चारत नाही. ते फक्त दोन्ही व्यवहार एकाच गल्ल्यावर घडवून आणते.

सलीमा सोफीला जी हकीकत सांगते, तेथे हे दोन व्यवहार एकमेकांत मिसळतात. तिच्याकडे आलेल्या एका पुरुषाने फुशारकीने सांगितलेले असते : पंधरा हेमा माणसांना गोळ्या घालून त्यांच्याच खाणीच्या चिखलात पुरले, त्यांतल्या एकाने आपले कष्ट सैनिकांच्या हाती लागू नयेत म्हणून कोल्टान तोंडात कोंबले, तेव्हा कोयत्याने त्याचे पोट फाडले. या माणसाने धातुक शरीरात लपविले आणि शरीरच खाण ठरले. नाटकातील हिंसेची ही सर्वांत भेदक प्रतिमा स्त्रीदेहाची नाही, ही बाब परीक्षणांतून सहसा निसटते. आणि ती कथा ऐकणारी सलीमा त्या वेळी त्याच माणसाची विकत घेतलेली वस्तू असते.

त्या प्रतिमेसमोर नाटकात दुसरा एक धातू उभा आहे : फॉर्च्यूनचे लोखंडी भांडे. सलीमाने मागितले म्हणून तिचा नवरा नवे भांडे आणायला बाजारात गेला होता. त्याच वेळी सैनिक शेतात आले, त्यांनी तान्ह्या मुलीला ठार केले आणि सलीमाला पाच महिने जंगलात डांबून ठेवले. परत आलेल्या पत्नीला फॉर्च्यूनने हाकलले. पुढे पश्चात्ताप होऊन तो सैनिकी वेषात ते भांडे घेऊन गुत्त्याबाहेर पावसात उभा राहतो. भांड्याचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे : त्यात अन्न शिजते. कोल्टानचा उपयोग ते खणणाऱ्याला ठाऊक नाही. उपयोगाची वस्तू दाराबाहेर आणि भावाची वस्तू गल्ल्यात, ही रचना नाटककर्तीने जाणीवपूर्वक केली असो वा नसो, ती अर्थपूर्ण आहे.

आता त्या प्रचलित वाक्याकडे वळता येईल. नाटकाला पारितोषिक मिळाले त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१० साली, अमेरिकेत डॉड-फ्रँक कायदा झाला. त्याच्या कलम १५०२ अन्वये कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने ही खनिजे काँगो वा शेजारच्या देशांतून आली आहेत काय, याची माहिती जाहीर करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँगोचे तत्कालीन अध्यक्ष जोसेफ कबिला यांनी उत्तर किवू, दक्षिण किवू आणि मानिएमा या प्रांतांतील खाणकाम थांबविले. ही बंदी मार्च २०११ पर्यंत होती. हाताने खणणाऱ्या असंख्य कामगारांची रोजी गेली. तेथील लोक या कायद्याला ‘ओबामाचा कायदा’ म्हणू लागले, ते कौतुकाने नव्हे. सेव्हरिन ओतेसेर यांनी २०१२ साली ‘आफ्रिकन अफेअर्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की काँगोविषयी जगात एकच सोपी कथा रूढ झाली आहे : कारण खनिजे, परिणाम स्त्रियांवरील अत्याचार, उपाय राज्यसत्तेचा विस्तार. जमिनीचे तंटे, स्थानिक सत्तास्पर्धा, खुद्द सरकारी सैनिकांचे गुन्हे यांना या कथेत जागा उरत नाही.

‘रुइन्ड’ याच कथेचे नाट्यरूप आहे काय? वरवर पाहता तसे वाटते. परंतु नाटकात ओसेम्बेंगा आणि किसेम्बे यांच्या वर्तनात फरक करता येत नाही. राज्यसत्ता पोचली म्हणजे स्त्री सुरक्षित झाली, असा दिलासा ते देत नाही. सोफीची जखम भरून काढण्याचा पैसाही याच गल्ल्यातून यावयाचा आहे. खाण बंद झाली तर गुत्ता बंद होईल, आणि या स्त्रियांना डोक्यावर छप्पर राहणार नाही. २०१०-११ मध्ये किवूत जे घडले ते मामा नादीला कोणी समजावून सांगावे लागले नसते. म्हणून हे नाटक ‘रक्ताळलेला मोबाइल’ या घोषणेपुरते वाचले, की नाटककर्तीला कळलेली गोष्ट वाचकाच्या हातून निसटते.

अमेरिकेच्या शासकीय लेखापरीक्षण कार्यालयानेही २०२४ साली असा निष्कर्ष काढला, की या माहिती-नियमानंतर पूर्व काँगोतील शांतता व सुरक्षितता सुधारलेली नाही. त्याच वर्षी एम-२३ या बंडखोर संघटनेने उत्तर किवूतील रुबायाचा कोल्टान-प्रदेश ताब्यात घेतला.

नाटकातील दोष मात्र नोंदविले पाहिजेत. एक स्थलाविषयी आहे. इतुरीतील हेमा-लेंडू संघर्षात प्रमुख खनिज होते ते सोने; कोल्टानचा प्रदेश मुख्यतः किवू. नॉटेज यांनी दोन प्रदेश एकत्र केले आहेत. ललितकृतीत हे क्षम्य असले, तरी ‘काँगो’ हे एकच एक जंगल आहे असा समज दूरच्या प्रेक्षकाच्या मनात त्यामुळे पक्का होतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सोफीच्या शस्त्रक्रियेसाठी मामा आपला जपून ठेवलेला कच्चा हिरा हरारीला देते. हरारी घाबरून हिऱ्यासकट निघून जातो, सोफी मागे राहते. सलीमा मरते. एवढ्यावर नाटक थांबले असते तर व्यवहाराचे सूत्र पूर्ण झाले असते : हिरा गेला कोठे, हे रंगमंचावरील कोणालाही कळत नाही, आणि मधला दलाल नेमका असाच नाहीसा होत असतो. पण त्यानंतर मामा ख्रिश्चनजवळ आपणही ‘रुइन्ड’ असल्याचे कबूल करते आणि दोघे नाचू लागतात. नॉटेज यांनी सुरुवात केली होती ती ब्रेख्तच्या ‘मदर करेज’च्या रूपांतरापासून. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ यांच्यामुळे ब्रेख्त मराठी रंगभूमीला परका नाही. युद्धावर जगणाऱ्या व्यापारीणबाईला तो सुटका देत नाही. मुले गमावूनही ती गाडा ओढीत राहते. नॉटेज आपल्या नायिकेला प्रियकर देतात. काही समीक्षकांनी याला भावविवशता म्हटले आहे आणि ते अन्यायाचे नाही. इतका वेळ भावाच्या भाषेत बोलणारे नाटक येथे एकाएकी खासगी होते, आणि प्रेक्षकाला डोळे पुसून बाहेर पडता येते.

तरीही एक गोष्ट उरते. गुत्त्यात झाकलेल्या पिंजऱ्यात एक पोपट आहे. आपल्या जमातीतील शेवटच्या म्हाताऱ्याने तो पाळला होता, आपली भाषा कोणाच्या तरी तोंडी राहावी म्हणून. म्हातारा गेला; पोपट मामाकडे राहिला. जोडपे नाचत असताना शेवटचा आवाज या पोपटाचा येतो. तो त्या म्हाताऱ्याच्या भाषेतील शब्द बोलत नाही. मामाला हाक मारून बिअर मागतो.