पराक्रमाचे आंकडे

वाङ्‌मयसमीक्षेच्या पानांत खेळाच्या नियमपुस्तकांस स्थान कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या नियमांच्या आधारें चार माणसें एकत्र बसून कथा रचतात, त्या नियमांत कथेविषयींची एक कल्पना गृहीत धरलेली असते. ती तपासणें हें टीकेचेंच काम होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून अशा खेळांत 'पातळी' रूढ आहे. अनुभवाबरोबर पात्राची पातळी चढते, आणि पातळीबरोबर बोनस, म्हणजे फाशाच्या दानांत मिळवावयाचा आंकडा, वाढतो. तो किती वेगानें वाढावा, या वरवर रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांत पराक्रम म्हणजे काय, हा प्रश्न दडलेला आहे.

आधीं हिशेब ध्यानांत घ्यावा. फाशाला बाजू वीस. म्हणून बोनसांतील एकेक अंक यशाची शक्यता सामान्यतः शेंकडा ५ नें वाढवितो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत योद्ध्यास दर पातळीस हल्ल्याचा एक अंक मिळे. विसाव्या पातळीस तो २० होई. मांत्रिकास त्याच्या निम्मा. पहिल्या पातळीवर दोघांत अंतर एकाचें, शेवटीं दहाचें. इतर बेरजा बाजूस ठेवल्या, तर ज्या शत्रूस योद्धा निम्म्या वेळां गांठतो, त्यास मांत्रिकाची काठी फासा थेट २० पडल्यावांचून लागतच नाहीं. तलवार योद्ध्याचीच असावी हें खरें. पण अंतर इतकें रुंदावलें म्हणजे दोघांना पुरेल अशी एकच कसोटी योजणें सूत्रधारास कठीण होऊन बसतें.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनें या दुखण्यावर सरसकट औषध दिलें. ३० पातळ्यांच्या त्या खेळांत प्रत्येकास निम्मी पातळी बोनस म्हणून मिळे, मग काम तलवारीचें असो वा कुलूप उघडण्याचें. अंतर वाढेनासें झालें. पण राक्षसांचे आंकडेही पातळीबरोबर चढत, आणि कसोटीचें काठिण्य पात्रांच्या पातळीवरून ठरविण्याचा तक्ताच सूत्रधाराच्या हातीं दिलेला होता. शिडी चढणाऱ्यापुढें माळाही तितकाच वर सरकत असेल, तर चढण्याचा शीण तेवढा खरा.

२०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीनें बोनसास लगाम घातला. पहिल्या पातळीस २, सतराव्या पातळीपासून ६. म्हणजे वीस पातळ्यांत वाढ अवघी ४. २०२४ च्या सुधारित आवृत्तींतही हेंच प्रमाण आहे. या संयमाचें फळ गोड आहे. २०१४ च्या पुस्तकांत साध्या गॉब्लिनाचा चिलखत-अंक १५, तर प्रौढ लाल ड्रॅगनाचा १९. मात्र गॉब्लिनाचें जीवबळ ७ आणि ड्रॅगनाचें २५६. वाढ नाहींशी झालेली नाहीं. ती एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत गेली आहे. गांवांतले पन्नास तिरंदाज जमले तर ड्रॅगनासही जखम होते, आणि जुना शत्रू नामांकित वीरासही बोंचतो.

तथापि या आवृत्तीचा दोष झांकून चालणार नाहीं. ज्या बचावांत पात्र निष्णात नाहीं, त्यांत पातळीचा बोनस मुळींच मिळत नाहीं. त्याच पुस्तकांतील अतिप्राचीन लाल ड्रॅगनाच्या अग्निश्वासास चुकविण्यास २४ ची बेरीज लागते. चपळाईचा बोनस नाहीं व दुसरें साहाय्यही नाहीं, अशा वीराचा फासा २० पडला तरी तो फसतोच. मग पातळी पहिली असो वा विसावी. संकटांत जन्म घालविलेल्या माणसानें त्यांतून कांहींच शिकूं नये, हें कथेच्या दृष्टीनें पटत नाहीं.

पायझो या प्रकाशनसंस्थेच्या 'पाथफाइंडर'नें २०१९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत उलट टोक गांठलें. तेथें शिक्षिताच्या बोनसांत सबंध पातळी मिळवितात, व वर प्राविण्याप्रमाणें २, ४, ६ किंवा ८. शिवाय लक्ष्याहून बेरीज १० नें अधिक झाल्यास विशेष यश. त्यामुळें कालचा भयंकर शत्रू आज पाचोळा होतो. ही धुंदी खोटी नव्हे. पण मग गांवकऱ्यांच्या बाणांना ड्रॅगनापुढें अर्थ उरत नाहीं. पातळी न मिळवितां खेळण्याचा पर्यायी नियम त्याच प्रकाशकांनीं २०२० सालीं दिला, त्यावरून ही अडचण त्यांच्याही ध्यानांत आली असावी.

आमच्या मतें वीराचें मोठेपण त्याच्या अजिंक्यतेंत नसतें. अभिमन्यूची कथा आपणांस चटका लावते, कारण अनेकांनीं घेरला असतां तो पडूं शकतो. ज्या गणितांत असा वीर पडूंच शकत नाहीं, त्यांत त्याचें धैर्यही स्वस्त होतें. म्हणून आमचा कौल लगाम घातलेल्या बोनसास आहे. मात्र अनिष्णातासही अनुभवाचा थोडा वांटा मिळावा, एवढी दुरुस्ती आम्ही सुचवितों. नियमकारांनीं आंकडे वाढवावे, पण प्रत्येक वाढीपूर्वीं स्वतःस विचारावें कीं, या अंकानें वीराचा जगाशीं असलेला संबंध बदलला काय? बदलला नसेल, तर ती वाढ केवळ कागदावरची होय.