प्रणयकादंबरीतील संकेतांचा विचार

इंग्रजीतील अलीकडच्या प्रणयकादंबऱ्यांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की त्या ठराविक संकेतांवर उभ्या असतात. वैराचे प्रेमात रूपांतर, प्रेमाचे सोंग, शेवटापूर्वीची ताटातूट आणि अखेरचे मीलन हा क्रम वाचकास आधीच ठाऊक असतो. आक्षेप खरा आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र टिकत नाही. शेवट ठाऊक असणे हाच दोष मानावयाचा, तर तो संस्कृत नाटकासही लावावा लागेल. पाहावयाचे ते इतकेच, की प्रेमिकांमधील अडथळा त्यांच्या जीवनस्थितीतून उद्भवतो की लेखिकेच्या सोयीतून.

सॅली थॉर्न यांच्या 'द हेटिंग गेम' (२०१६) या कादंबरीत एकाच प्रकाशनसंस्थेतील नायक-नायिका एकाच बढतीचे उमेदवार आहेत. त्यामुळे त्यांच्या वैरास व्यवहाराचा आधार मिळतो. ॲली हेझलवुड यांच्या 'द लव्ह हायपॉथेसिस' (२०२१) मध्ये संशोधक विद्यार्थिनी ऑलिव्ह व प्राध्यापक ॲडम प्रेमाचे सोंग घेतात. त्या सोंगाची सबब तकलादू आहे. परंतु ॲडमचा मित्र व सहसंशोधक ऑलिव्हशी गैरवर्तन करतो आणि तिचे यश ॲडमच्या नावावर मांडतो, तेव्हा तिच्या मौनामागे विद्यापीठीय सत्तेचे वास्तव उभे राहते. ताटातुटीचा जुना संकेत येथे अर्थपूर्ण होतो. तीच सत्ता नायकाच्याही हाती आहे, याचा विचार कादंबरी पुरेसा करीत नाही, ही तिची मर्यादा होय.

सुखान्ताची हमी संकेत देतो. त्या सुखान्ताची पात्रता पात्रांना कथेतच मिळवावी लागते.