पूर्व कोणाची? युसुफ लतीफ यांची एक तबकडी

जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जमवणारे आपल्या समाजात थोडेच. पण जे आहेत त्यांच्यात एक खेळ नेहमी रंगतो. पाकिटावरची नावे वाचायची आणि मुसलमान मोजायचे. अहमद जमाल झाले, साहिब शिहाब झाले, इद्रिस सुलेमान झाले. आर्ट ब्लेकी यांचे इस्लामी नाव अब्दुल्ला इब्न बुहैना, मकॉय टायनर यांचे सुलेमान सऊद, हेही कोणीतरी सांगतो. मोजणी संपली की तबकडी परत पाकिटात जाते. युसुफ लतीफ हे या मोजणीतले सर्वांचे आवडते नाव, आणि म्हणूनच की काय, सर्वांत कमी ऐकलेले.

त्यांची 'ईस्टर्न साउंड्स' ही तबकडी 5 सप्टेंबर 1961 रोजी, एकाच दिवसात, न्यू जर्सीमधील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत मुद्रित झाली. पियानोवर बॅरी हॅरिस, ड्रम्सवर लेक्स हम्फ्रीज, बास आणि रबाब एर्नी फॅरो यांच्याकडे. प्रेस्टीज कंपनीच्या 'मूड्सव्हिल' या शाखेने ती बाजारात आणली. ही शाखाच मुळी दिवे मंद करून गप्पा मारताना मागे वाजत राहील अशा संगीतासाठी काढलेली. म्हणजे एका गिऱ्हाइकाने ती वातावरणासाठी घेतली, दुसऱ्याने 'आपला माणूस' म्हणून घेतली. कान दोघांनीही उघडले नाहीत, असे माझे मत आहे.

पहिलीच रचना 'द प्लम ब्लॉसम' ऐका. लतीफ इथे शून् नावाचे गोल आकाराचे चिनी फुंकवाद्य वाजवतात. त्यातून निघतात जेमतेम पाच स्वर. सॅक्सोफोनवर ज्याची बोटे वाऱ्यासारखी पळतात त्या माणसाने स्वतःला एवढ्याशा खोलीत कोंडून घेतले आहे. (पाचच शब्द देऊन परिच्छेद लिहायला सांगितले की वर्गातली हुशार मुले आधी कुरकुरतात आणि मग खुलतात, तसे काहीसे.) स्वर थोडे असल्यामुळे प्रत्येक स्वराचे वजन बदलत राहते. तोच स्वर कधी लांबतो, कधी अर्ध्यावर तुटतो, आणि मधली रिकामी जागा ताल भरून काढतो. यात चीन किती? वाद्यापुरता. बाकी सगळी चाल ब्लूजची, अमेरिकेच्या काळ्या माणसाची.

दुसरी रचना 'ब्लूज फॉर द ओरिएंट'. इथे हातात ओबो आहे. ओबो हा आपल्या सनईच्या कुळातला, दुहेरी पातीचा. म्हणून आपल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो आणि आपण फसतो. आपण राग शोधू लागतो. पण लतीफ ज्या जागी स्वर वाकवतात ती कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधली जागा आहे, आणि ती त्यांना कैरो-दमास्कसने दिलेली नाही. टेनेसीत 1920 साली जन्मलेल्या, डेट्रॉईटमध्ये वाढलेल्या विल्यम हडलस्टन या मुलाच्या कानात ती आधीपासून होती. शीर्षकही नीट वाचावे. हे पूर्वेकडून आलेले संगीत नाही, पूर्वेसाठी वाजवलेला ब्लूज आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरी जाऊन आपल्याच घरची हकिगत सांगावी, तशी.

तबकडी सगळीच उत्तम आहे असे मात्र नाही. दोन सिनेमांच्या धून त्यात आहेत. 'स्पार्टाकस'ची धून दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला येते आणि आज बहुतेकांना तेवढीच ठाऊक असते. ओबो तिथेही गोड आहे, पण धून स्वतःच इतकी तयार की लतीफना तिच्यात फारसे काही करायला उरत नाही. 'द रोब'ची धून तर निव्वळ साखर. मूड्सव्हिलच्या गिऱ्हाइकाची सोय. या दोन्हींपेक्षा पाच मात्रांच्या चक्रात टेनर सॅक्सोफोनवर वाजवलेले 'चिंग मियाउ' मला कितीतरी मोलाचे वाटते.

नावे मोजणारे आणखी एका ठिकाणी अडतात. लतीफ अहमदिया जमातीमार्फत इस्लाममध्ये आले. हे कळले की काहींचा उत्साह मावळतो. श्रद्धेचा निवाडा हे समीक्षेचे काम नव्हे, पण अकीदा पाहून ज्याचा कान मिटतो तो आधीही ऐकत नव्हता, एवढे म्हणता येते.

संग्राहकालाही त्यांनी सोडले नाही. 'जॅझ' हा शब्दच त्यांना मान्य नव्हता. त्या शब्दाला चिकटलेला हिणकस अर्थ त्यांना खटकत असे. देह, मन आणि रूह यांतून येणारे, अशा अर्थाचा 'ऑटोफिजिओसायकिक' हा लांबलचक शब्द त्यांनी आपल्या संगीतासाठी घडवला. 1975 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट घेतली. विषय होता पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षण. पुढे 1980 च्या दशकात नायजेरियात झारियाच्या अहमदू बेल्लो विद्यापीठात राहून त्यांनी फुलानी बासरीचा अभ्यास केला. 2013 मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी वारले तोवर ते विद्यार्थीच होते.

आता ही तबकडी कोणत्या कप्प्यात ठेवायची? जॅझमध्ये ठेवली तर त्यांचा शब्द मोडतो, पौर्वात्य म्हणून ठेवली तर मूड्सव्हिलचा शब्द खरा होतो. माझ्याकडे ती बिस्मिल्ला खानांच्या शेजारी आहे. दोघांतले अंतर ऐकायला ती जागा बरी पडते.