गेमची टर उडवणारा गेम : 'ईट लेड' आणि विडंबनाचं ओझं

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागच्या वेळी आपण गेममधल्या कथनाबद्दल बोललो होतो. आज विषय विनोदाचा आहे, आणि त्यासाठी मी एक फारसा न गाजलेला गेम निवडलाय. 'ईट लेड : द रिटर्न ऑफ मॅट हॅझर्ड'. २००९ साली एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर आला. व्हिशस सायकल नावाच्या अमेरिकन स्टुडिओने बनवला, डी३ पब्लिशरने काढला. थर्ड पर्सन शूटर. म्हणजे आपलं पात्र आपल्याला पाठमोरं दिसतं, आपण त्याला आडोशामागे बसवतो आणि गोळ्या झाडतो. विषय काय, तर गेमचीच टिंगल.

गाजलेला गेम का घेतला नाही, असं कुणीतरी येण्याआधीच विचारलं मला. कारण सांगतो. गाजलेल्या गेममध्ये सगळं जमलेलं असतं, त्यामुळे ते कसं जमलं ते दिसत नाही. इथे अर्धं जमलंय आणि अर्धं फसलंय, आणि दोन्ही अर्ध्या एकमेकांना चिकटून आहेत. शिकायला हे बरं पडतं.

तर हा मॅट हॅझर्ड कोण? गेम आपल्याला सांगतो की मॅट हा ऐंशी-नव्वदच्या दशकातला मोठा गेम-नायक होता. मॅरॅथॉन मेगासॉफ्ट या कंपनीचा तारा. त्याचे एकामागून एक गेम हिट झाले. मग हाव सुटली. त्याला गो-कार्ट शर्यतीच्या गेममध्ये बसवलं, मग 'सोक एम' नावाच्या पाण्याच्या पिचकाऱ्यांच्या गेममध्ये उतरवलं, लहान मुलांना चालेल असा. तो आपटला आणि मॅटचं करिअर संपलं. आता कंपनीचा नवा मालक वॉलेस वेल्सली त्याला पुनरागमनासाठी बोलावतो. मॅट खूश. पण वेल्सलीचा बेत वेगळाच असतो. याच गेममध्ये मॅटला कायमचं मारायचं आणि त्याच्या जागी स्टिंग स्नायपरस्कोप नावाचा नवा नायक आणायचा. क्यूए नावाची एक मुलगी आतून गेम हॅक करून मॅटला वाचवते, आणि तिथून पुढे सगळी धावपळ.

आता यातलं काहीही कधी घडलेलं नाही. मॅट हॅझर्ड नावाचा नायक २००९ च्या आधी अस्तित्वातच नव्हता. मॅरॅथॉन मेगासॉफ्ट नाही, 'सोक एम' नाही, काही नाही. गेमच्या प्रसिद्धीतसुद्धा हा बनावट इतिहास वापरला होता. मला ही कल्पना आजही फार आवडते. ज्याची आठवण असण्याची शक्यताच नाही, त्याबद्दल तुम्हाला हळवं करायचं! आणि ते जमतं, हे विशेष. कारण मॅट जरी खोटा असला तरी त्याची कहाणी खरी आहे. नव्वदच्या दशकात ज्याचा म्हणून एक गेम चालला, त्याला पुढे गो-कार्टमध्ये बसवलंच गेलं. (हशा) मारिओ बसला, क्रॅश बँडिकूट बसला. मॅटला बसवताना काही फार कल्पनाशक्ती ताणावी लागली नसेल.

मॅटला आवाज विल आर्नेटचा आहे आणि वेल्सलीला नील पॅट्रिक हॅरिसचा. आर्नेट म्हणजे 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'मधला तो फुशारक्या मारणारा मोठा भाऊ. खर्जातला आवाज, आणि त्या खर्जाखाली कायम एक भेदरलेला माणूस. मॅटसाठी याहून चांगला आवाज मिळाला नसता.

आता विनोदाकडे येऊ. यातला एक विनोद मी माझ्या पहिल्या पाचात ठेवीन. १९९२ चा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. नाव थ्रीडी, पण त्यातले नाझी सैनिक होते सपाट. म्हणजे कागदाच्या कापलेल्या बाहुल्या, स्प्राइट. त्या काळच्या संगणकांना तेवढंच झेपायचं. 'ईट लेड'मध्ये असेच सपाट सैनिक मॅटवर चाल करून येतात. समोरून दिसतात, पण कडेला वळले की? जाडीच नाही! एक बारीक रेघ उरते. आता मारा गोळी. तुम्ही नेम धरताय आणि समोरचा शत्रू भूमितीत लपलाय.

हा विनोद कुणी बोलून दाखवत नाही, हे लक्षात घ्या. तो तुमच्या बोटांना कळतो. सतरा वर्षांपूर्वीची तांत्रिक मर्यादा आज शत्रूचं शस्त्र झालीय, आणि ती तुम्हाला नेम चुकल्यावर समजते. पुस्तकात किंवा सिनेमात हे करताच येणार नाही. गेमच्या विडंबनाची खरी जागा ही आहे.

दुसरा विनोद आल्टोस ट्रॅटसचा. हा जपानी रोलप्लेइंग गेममधून उचललेला खलनायक. केस, तलवार, दुःख, सगळं त्या परंपरेतलं. हा बोलत नाही. त्याचं बोलणं खिडकीसारख्या चौकटीत अक्षरांनी उमटतं आणि वाक्यावाक्यात टिंबटिंब. मॅट वैतागतो, कारण आता त्याला वाचावं लागणार. इथेही गंमत रूपातच आहे. दोन वेगळ्या जातीच्या गेमचे नियम एका खोलीत आणून सोडले की आपोआप भांडण लागतं.

असे क्षण आहेत. पण ते सुट्टे आहेत. त्यांच्यामध्ये काय आहे? तर आडोसा, गोळीबार, पुढचा आडोसा, गोळीबार.

थोडं मागे जातो. आडोशामागे चिकटून लढण्याची ही पद्धत 'गिअर्स ऑफ वॉर'ने २००६ मध्ये सगळीकडे पसरवली. तिचा शोध त्यांनी लावला असं नाही. नॅमकोच्या 'किल स्विच'मध्ये २००३ सालीच ती होती. पण 'गिअर्स'नंतर तीन वर्षांत जो उठेल तो कमरेएवढ्या भिंती बांधायला लागला. प्रत्येक खोलीत सोयीस्कर उंचीची खोकी. २००९ मध्ये याची टिंगल करणं अगदी वेळेवर होतं. 'ईट लेड' करतोही. गोदामाची लेव्हल येते, आणि आली का परत गोदामाची लेव्हल, अशा अर्थाचा शेरा गेममध्येच येतो. आपण हसतो. आणि मग? मग ती गोदामाची लेव्हल खेळावी लागते. पूर्ण. एकेक खोकं ओलांडत.

आपल्याकडे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. इथे नाचणारा अंगणाला दोष देत नाही. तो म्हणतो, बघा मी किती वाईट नाचतोय, गंमत आहे की नाही? आणि मग सहा-सात तास तसाच नाचतो. (हशा)

हे नुसतं 'गेमप्ले कंटाळवाणा आहे' असं नाहीये. तेवढं तर तेव्हाच्या बहुतेक परीक्षणांनी लिहिलं आणि सोडून दिलं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. विनोद तोंडात आहे आणि खेळ हातात आहे, आणि या गेममध्ये तोंड आणि हात दोन विरुद्ध गोष्टी सांगतात. तोंड सांगतं, हे सगळं किती घासून गुळगुळीत झालंय. हात सांगतात, हो, आणि आपण तेच करतोय. आता गेममध्ये शेवटचा शब्द कुणाचा? हाताचा. संवाद दोन सेकंदांचा, कृती दोन तासांची.

आपल्याला विडंबन म्हटलं की आचार्य अत्रे आठवतात. 'झेंडूची फुले' १९२५ ची. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी त्या काळच्या कवींची जी फिरकी घेतली, ती आपण नुसती टवाळी म्हणून लक्षात ठेवतो. पण ती पुन्हा उघडून बघा. वृत्त कुठे अडखळतं का? नाही. ज्यांची थट्टा करायची त्यांच्याइतकीच, कधी त्यांच्याहून जास्त, सफाई त्या ओळींत आहे. वृत्त मोडलं असतं तर लोक कवींना हसले नसते, अत्र्यांना हसले असते. वाईट कवितेचं विडंबन वाईट कविता लिहून होत नाही. ती आणखी एक वाईट कविता होते, एवढंच. गेममध्ये वृत्ताची जागा खेळण्याच्या यंत्रणेला आहे. नेम कसा लागतो, आडोसा कसा सुटतो, शत्रू कधी येतात. 'ईट लेड'चं वृत्त ढिलं आहे.

कुणी म्हणेल, बजेट कमी होतं हो. खरं आहे. व्हिशस सायकल हा परवान्यावरचे आणि मध्यम आकाराचे गेम करणारा स्टुडिओ होता. डी३ जपानमध्ये ओळखली जायची ती 'सिंपल' मालिकेच्या स्वस्त गेमसाठी. 'गिअर्स'मागे जो पैसा होता तो इथे नव्हता. आणि या लोकांना लिहिता येत नव्हतं असंही नाही. त्यांच्याच 'डेड हेड फ्रेड'ला २००८ मध्ये अमेरिकेच्या रायटर्स गिल्डचं गेम-लेखनासाठीचं पहिलंवहिलं पारितोषिक मिळालं होतं. पण मला वाटतं इथेच मेख आहे. लिहिणं चांगलं होतं, म्हणून त्यांना वाटलं की लिहून भागेल.

कमी पैशात काय करता येतं याचं उदाहरण देतो. 'डीएलसी क्वेस्ट', २०११. अगदी छोटा गेम. सुरुवातीला तुमचा नायक फक्त उजवीकडे चालू शकतो. डावीकडे वळायचंय? उडी मारायचीय? नाणी जमवा आणि विकत घ्या. अ‍ॅनिमेशन विकत घ्या, आवाज विकत घ्या, पॉझ करायची सोय विकत घ्या. सगळे पैसे गेममधलेच, खरे नाहीत. जास्तीच्या सामग्रीच्या नावाखाली अर्धवट गेम विकण्याच्या धंद्याची ही थट्टा आहे, आणि ती एकही भाषण न करता तुमच्या बोटांना कळते. शिवाय तास-दीड तासात संपतो. विनोदाला कधी उठायचं ते कळलं पाहिजे. किंवा 'द स्टॅन्ली पॅरेबल' घ्या. निवेदक म्हणतो, स्टॅन्ली डावीकडच्या दारातून गेला. तुम्ही उजवीकडे जाता. बस, तिथेच विनोद, तिथेच समीक्षा, तिथेच खेळ. यांना सपाट सैनिकांचं रहस्य कळलं होतं. 'ईट लेड'ला ते सापडलं होतं आणि त्याने ते एका लेव्हलपुरतं वापरून टाकलं.

उलट बाजूचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मॅट ज्याच्यावर उघडउघड बेतलाय तो ड्यूक न्यूकेम. १९९६ चा 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' गाजला, पुढचा भाग १९९७ मध्ये जाहीर झाला आणि येईचना. 'ईट लेड' आल्यानंतर काहीच महिन्यांनी, मे २००९ मध्ये, थ्रीडी रेल्म्सने ती बनवणारी तुकडीच घरी पाठवली. अखेर दुसऱ्यांच्या हातून तो २०११ मध्ये बाहेर पडला. त्यात एक प्रसंग आहे. ड्यूकला 'हेलो'च्या मास्टर चीफसारखं चिलखत देऊ करतात आणि तो ते तुच्छतेने नाकारतो. छान. पण तोच ड्यूक आता एका वेळी दोनच बंदुका बाळगतो, आणि थोडं लपून बसलं की त्याची ताकद आपोआप भरते. म्हणजे 'हेलो'चे नियम! चिलखत नाकारलं आणि आतला सांगाडा तोच बसवून घेतला. आधीच्या गेममध्ये तो अख्खं शस्त्रागार अंगावर घेऊन फिरायचा.

मला या प्रकाराचा राग का येतो ते सांगतो, कारण येतो. आपला दोष आपणच हसून सांगितला की समोरच्याचं तोंड बंद होतं. टीकाकार म्हणतो, ही लेव्हल रटाळ आहे. उत्तर येतं, अहो तोच तर विनोद आहे, तुम्हाला कळला नाही. हा विनोदाचा उपयोग नाही, विम्याचा हप्ता आहे. पैसे देऊन गेम घेणाऱ्याचे सहा तास मात्र खरेच जातात. हे गेमपुरतं राहिलेलं नाही. चित्रपटात बघा, जाहिरातीत बघा. 'आम्हाला माहितीये ही जाहिरात आहे' असं डोळा मारून सांगणारी जाहिरात शेवटी तेच तेल विकते.

पण मॅटवर मी पूर्ण अन्याय करणार नाही. गेम पुन्हा खेळताना मला एक गोष्ट नव्याने दिसली. मॅट हा नोकरीवरून काढायचा माणूस आहे. त्याला परत बोलावलंय ते सन्मानाने नव्हे, हिशोब मिटवायला. त्याच्या जागी माणूस आधीच नेमलाय. आणि जे शत्रू त्याच्या अंगावर सोडलेत त्यांतले कितीतरी त्याच्याच जुन्या गेममधले. पिचकारीवालेसुद्धा. आपल्याच जुन्या कामाच्या फायली अंगावर फेकल्यासारखं. ही कल्पना गोळीबाराच्या गोंगाटात कुणाच्या लक्षात आली नाही. व्हिशस सायकल २०१६ मध्ये बंद झाला. स्टुडिओ असे बंद होतच असतात, पण त्यानंतर वेल्सलीचे संवाद ऐकताना हसू थोडं उशिरा येतं.

जाता जाता पुढच्या भागाबद्दल. २०१० च्या जानेवारीत 'ब्लड बाथ अँड बियाँड' आला, डाउनलोड करायचा छोटा गेम. यात आडोसे नाहीत. जुन्या पद्धतीने एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावत गोळ्या झाडायच्या. बडबड कमी, अवघडपणा भरपूर. गोष्ट अशी, की भूतकाळातला आठ-बिट मॅट, तो ठिपक्याठिपक्यांचा छोटा मॅट, खलनायक पळवून नेतात, आणि आताचा मॅट त्याला सोडवायला निघतो. जो काळ कधी नव्हताच, त्यातून स्वतःला परत आणायला.

बरं, वेळ झालीय. प्रश्न घेऊ या. मागे कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय, त्यांच्यापासून सुरू करू.