राष्ट्रीय सन्मानांचे माप आणि नाशिकचे दोन लेखक

कुसुमाग्रजांना ज्ञानपीठ कोणत्या पुस्तकासाठी मिळाले? हा प्रश्न मी नाशिकमध्ये अनेकांना विचारून पाहिला आहे. कोणी ‘विशाखा’ म्हणतो, कोणी ‘नटसम्राट’. दोन्ही उत्तरे चूक आहेत. १९८७चे ज्ञानपीठ त्यांना कोणत्याही एका पुस्तकासाठी नव्हे, तर एकूण साहित्यकर्तृत्वासाठी मिळाले. ‘नटसम्राट’ला मिळाला तो १९७४चा साहित्य अकादमी पुरस्कार. आणि ‘विशाखा’? तिला दोन्हींपैकी एकही नाही.

वरवर पाहता ही सामान्यज्ञानाची चूक आहे. पण माझ्या मते राष्ट्रीय सन्मानांकडे पाहण्याची आपली सारी सवयच या चुकीत दडलेली आहे. सन्मान मिळाला म्हणजे आपल्याला आवडलेल्या पुस्तकाचाच गौरव झाला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक सन्मानाचे एक माप असते आणि त्या मापात जे बसते तेवढेच मोजले जाते.

साहित्य अकादमीची स्थापना १९५४ची. तिचा वार्षिक पुरस्कार ठरावीक वर्षांत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाला मिळतो. ‘विशाखा’ १९४२ची, म्हणजे अकादमीच्याही आधीची. या नियमाचा परिणाम मराठीच्या यादीत पुन्हा पुन्हा दिसतो. मर्ढेकरांनी मराठी कवितेचे वळण बदलले. त्यांना १९५६चा पुरस्कार मिळाला तो ‘सौंदर्य आणि साहित्य’ या सौंदर्यशास्त्रीय ग्रंथाला, तोही मरणोत्तर. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. अकादमीने गौरवली ती पुष्कळ नंतर आलेली ‘टीकास्वयंवर’. विंदा करंदीकरांसारख्या कवीच्या एकाही पुस्तकाला हा वार्षिक पुरस्कार नाही. जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘काजळमाया’ला १९७३चा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा प्रकाशनवर्षावरून वाद उठला आणि जी. एं.नी तो परत केला. एका श्रेष्ठ कथासंग्रहाची चर्चा अशी तारखेपाशी येऊन थांबली.

ही माणसे लहान नव्हती आणि पुरस्कार मिळालेली पुस्तकेही सामान्य नव्हेत. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या पुस्तकासाठी वाचक अजून तयार झालेला नाही, ते ठरावीक वर्षांच्या मापात सहसा सापडत नाही. रुळलेल्या अभिरुचीला ओळखीचे वाटणारे पुस्तक मात्र सहज सापडते.

आता नाशिककडे पाहू. ‘कोसला’ आली त्याच १९६३ साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे. मराठी कथेत तोवर न आलेली वस्ती, भूक आणि अपमान त्यांनी आणला, आणि तो दयेची याचना करीत नव्हे. त्यांची पात्रे वाचकाला अपराधी वाटायला लावतात, पण रडायची सवलत देत नाहीत. अकादमीचा मराठी पुरस्कार १९६४ साली ‘स्वामी’ला आणि १९६५ साली ‘व्यक्ती आणि वल्ली’ला मिळाला. दोन्ही पुस्तके वाचकप्रिय आहेत. मीही ती आवडीने वाचली आहेत. पण जातीच्या तळातून आलेल्या अनुभवाला त्या यादीत जागा मिळायला १९८१चा, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’चा, पुरस्कार उजाडावा लागला. ज्यांनी ती वाट पाडली त्या बागुलांचे नाव यादीत शेवटपर्यंत आले नाही.

त्यांना मोठा सन्मान दिला तो नाशिकनेच. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार १९९१ साली सुरू झाला आणि पहिला मान विजय तेंडुलकरांना मिळाला. अकादमीचा वार्षिक पुरस्कार त्यांच्याही वाट्याला आला नव्हता. विंदांना जनस्थान १९९३ साली मिळाला, त्यांचे ज्ञानपीठ २००३चे. नेमाड्यांना जनस्थान २०१३ साली, त्यांचे ज्ञानपीठ २०१४चे. मराठीच्या चार ज्ञानपीठ मानकऱ्यांपैकी शेवटचे दोघे आधी नाशिकला येऊन गेले, ही नोंद कोणी सहसा करीत नाही. बागुलांना जनस्थान २००७ साली मिळाला. मार्च २००८मध्ये ते गेले. कथासंग्रह तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. म्हणजे घरच्या मापालाही उशीर झालाच. पण ते माप चुकले नाही.

मग खरा सन्मान कशाला म्हणावे? याचे उत्तर मला ‘विशाखा’च्या जन्मकथेत सापडते. १९४२ साली वि. स. खांडेकरांनी ही कविता स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केली आणि तिला प्रस्तावना लिहिली. तेव्हा खांडेकर लोकप्रियतेच्या शिखरावर होते आणि शिरवाडकर तिशीचे. पुढे १९७४ या एकाच वर्षाच्या पुरस्कारांत दोघांची नावे आली: ‘ययाती’ला ज्ञानपीठ आणि ‘नटसम्राट’ला अकादमी. हा योगायोग सुखद आहे. पण १९४२च्या त्या कृतीपुढे मला दोन्ही सन्मान दुय्यम वाटतात. कारण तेथे एका लेखकाने दुसऱ्याला आधी वाचले, मग पदरचे पैसे घातले, आणि का वाचावे हे वाचकांना लिहून सांगितले. मानपत्रात यांतले एकही काम होत नाही.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आम्ही नाशिककर कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार घालतो. तो घालावाच. पण त्या दिवशी शहरातल्या एखाद्या शाळेत बागुलांची एक कथा मोठ्याने वाचली गेली, तर खांडेकरांनी कुसुमाग्रजांसाठी केले तेच आपण बागुलांसाठी केले, असे म्हणता येईल. त्यासाठी दिल्लीच्या कोणत्याही समितीची वाट पाहावी लागणार नाही.